भावना दुखावण्याचा कायदा : मेकॉले ते न्याय संहिता

धर्माच्या अपमानाबद्दल शिक्षा देणारा आणि सगळ्या धर्मांना सारखाच लागू पडणारा पहिला कायदा हिंदुस्थानात इंग्रजांनी केला. त्याआधी अशा बाबी ज्याच्या त्याच्या घरच्या होत्या. जातपंचायत वाळीत टाकी, ब्रह्मसभा प्रायश्चित्त सांगे, काझी आपल्यापुरता निवाडा करी. शिक्षा होई ती बहुधा आपल्यातल्याच माणसाला, आपला आचार मोडला म्हणून. परक्या धर्माच्या माणसाने आपल्या देवाला नावे ठेवली तर सरकारदरबारी फिर्याद करायची आणि सरकारने दुखावलेल्या मनाची चौकशी लावायची, हा रिवाज दीड-पावणेदोनशे वर्षांपलीकडचा नाही.

१८३७ साली थॉमस मेकॉले यांच्या कमिशनने फौजदारी कायद्याचा मसुदा कंपनी सरकारला सादर केला. त्यात धर्माविषयीच्या गुन्ह्यांचे वेगळे प्रकरण होते. खुद्द इंग्लंडात धर्मनिंदेचा कायदा होता, पण तो तिथल्या अधिकृत चर्चची पाठराखण करणारा होता. तोच इथे आणला असता तर मूठभर ख्रिस्ती राज्यकर्ते कोट्यवधी हिंदू-मुसलमानांवर आपला धर्म लादतात असा बोभाटा झाला असता. मेकॉलेंनी म्हणून देवाचा अपमान बाजूला ठेवला आणि माणसाचे मन धरले. कुठला धर्म खरा या भानगडीत सरकारने पडायचे नाही. कुणाच्याही धर्मभावनेवर जाणूनबुजून घाव घातला गेला तर तेवढ्यापुरते मध्ये यायचे. मसुद्याला जोडलेल्या टिपणात त्यामागची धास्तीही लपवलेली नाही. धर्मावरून उसळणाऱ्या क्षोभाची भीती जितकी इथल्या सरकारला आहे तितकी दुसऱ्या कुठल्याही सरकारला नसेल, असा त्याचा आशय आहे. श्रद्धेचा मान राखण्यापेक्षा दंगा टाळण्याची काळजी या कायद्याच्या मुळाशी जास्त होती, हे पुढचे सगळे समजून घ्यायला उपयोगी पडते.

मसुदा दोन तपे धूळ खात पडला. १८५७ च्या उठावाने सरकारचे डोळे उघडले, १८५८ च्या जाहीरनाम्यात राणीने प्रजेच्या धर्मात ढवळाढवळ न करण्याचे वचन दिले, आणि १८६० साली भारतीय दंड संहिता मंजूर होऊन १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. धर्माची कलमे २९५ ते २९८. देवस्थान किंवा पवित्र वस्तू विटाळणे, धार्मिक मेळाव्यात व्यत्यय आणणे, स्मशान-कबरस्तानात घुसखोरी करणे हे पहिल्या तिनांत आले. कलम २९८ मात्र शब्दांचे होते : कुणाच्या धर्मभावना दुखावण्याच्या पक्क्या इराद्याने त्याला ऐकू जाईल असे बोलणे, त्याला दिसेल असा हावभाव करणे. शिक्षा एक वर्षापर्यंत. छापील मजकुराचा त्यात उल्लेख नव्हता. धर्मावरचा वाद मोकळेपणाने चालावा आणि वादाच्या आडून शिवीगाळ होऊ नये, अशी ही वाटणी मसुदाकारांनी समजून-उमजून केली होती.

त्या मोकळेपणाचा अनुभव मुंबईने कायदा लागू होण्याआधीच घेतला होता. १८५७ च्या जानेवारी ते मे या महिन्यांत विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांच्यात मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर जाहीर वाद रंगत. विष्णुबुवा मूळचे कुलाबा जिल्ह्यातले विष्णु भिकाजी गोखले. समोर जॉर्ज बोवेन हे अमेरिकन मिशनरी. वाळूत गर्दी जमायची, प्रश्न पडायचे, उत्तरे व्हायची, येशूच्या चमत्कारांची आणि पुराणांतल्या कथांची सारखीच चिरफाड व्हायची. उत्तरेत त्याच वर्षी राज्य उलथते की काय अशी वेळ आली असताना इकडे हे चालले होते. दोन्ही पक्षांनी आपापल्या बाजूने या वादांची पुस्तके छापली. पुढे १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केले. विष्णूच्या अवतारकथांकडे आर्यांच्या स्वाऱ्यांची कहाणी म्हणून पाहणारे ते पुस्तक आज नव्याने लिहिले गेले असते तर पहिल्याच आठवड्यात किती तालुक्यांत तक्रारी दाखल झाल्या असत्या, याचा अंदाज वाचकाने करावा.

त्या काळात चिडलेल्याकडे दुसरा मार्ग होता, अब्रूनुकसानीचा. 'सत्यप्रकाश' या गुजराती पत्रातून करसनदास मुळजी यांनी १८६० साली वल्लभ संप्रदायाच्या महाराजांच्या अनाचारावर लेख लिहिला. जदुनाथजी महाराजांनी पन्नास हजार रुपयांचा दावा ठोकला. खटला १८६२ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात चालला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून महाराज मंडळींच्या गुप्तरोगांवर आपण केलेल्या उपचारांची माहिती दिली. रेव्हरंड जॉन विल्सन यांनी ग्रंथांचे दाखले दिले. न्यायमूर्ती जोसेफ आर्नोल्ड यांनी करसनदासांच्या लेखनाला जनहिताचे लेखन ठरवले. भक्तांच्या भावनांचा प्रश्न कोर्टापुढे नव्हता. मजकूर खरा आहे का, आणि तो सांगण्यात लोकांचे हित आहे का, एवढेच विचारले गेले. याच खटल्यावरच्या 'महाराज' या हिंदी चित्रपटाचे प्रदर्शन जून २०२४ मध्ये गुजरात हायकोर्टाने भावना दुखावण्याच्या तक्रारीवरून तात्पुरते रोखले. न्यायाधीशांनी चित्रपट पाहिला आणि आठवड्याभरात मनाई उठली. दोन तारखांच्या मधल्या १६२ वर्षांत प्रश्नच बदलून गेला होता.

बदलाची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दिसते. १८९३ साली मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा झाला. त्यानंतर गणेशोत्सव सार्वजनिक झाला, पाठोपाठ शिवाजी उत्सव सुरू झाला. धर्म, इतिहास आणि राष्ट्र ही तिन्ही एकाच मांडवात आली. १८९७ साली 'केसरी'तल्या शिवाजी उत्सवाच्या वृत्तान्तावरून आणि कवितेवरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. ज्युरीतले सहा युरोपीय दोषी म्हणाले, तिघे हिंदी निर्दोष म्हणाले, आणि दीड वर्षाची शिक्षा झाली. लगेच पुढच्या वर्षी, १८९८ मध्ये, सरकारने राजद्रोहाचे कलम रुंद केले आणि त्याच कायद्याने १५३-अ हे नवे कलम घातले : प्रजेच्या निरनिराळ्या वर्गांत वैर किंवा द्वेष पसरवणे हा गुन्हा. राजद्रोह आणि जमातींमधला द्वेष ही एकाच बाळंतपणातली जुळी आहेत. राज्याविरुद्धचे बोलणे आणि शेजाऱ्याविरुद्धचे बोलणे सरकारला एकाच तऱ्हेने धोक्याचे वाटत होते.

कायद्याला आजचे रूप आले ते लाहोरात. १९२० नंतरच्या पंजाबात आर्य समाजी आणि मुसलमान प्रचारकांमध्ये चोपड्यांची लढाई जुंपली होती. सीतेपासून स्वामी दयानंदांपर्यंत कुणी सुटत नव्हते. १९२४ साली महाशय राजपाल या प्रकाशकाने 'रंगीला रसूल' ही प्रेषित महंमदांच्या खाजगी आयुष्याची टवाळी करणारी चोपडी काढली. तिच्यावर लेखकाचे नाव नव्हते आणि राजपालांनी ते अखेरपर्यंत सांगितले नाही. गांधीजींनी 'यंग इंडिया'त तिचा कडक निषेध केला. सरकारने १५३-अ खाली खटला भरला. खालच्या कोर्टात शिक्षा झाली, ती अपिलात कमी झाली, आणि मे १९२७ मध्ये लाहोर हायकोर्टाचे न्यायमूर्ती दलीपसिंग यांनी राजपालांना सोडून दिले. चोपडी हीन आहे याबद्दल त्यांना शंका नव्हती. पण १५३-अ हे आज हयात असलेल्या जमातीवरच्या हल्ल्यासाठी आहे, होऊन गेलेल्या धर्मपुरुषावरची टीका त्यात ओढली तर उद्या गंभीर इतिहासकारही आरोपी होईल, असे त्यांनी म्हटले. असे लेखन रोखायचेच असेल तर विधिमंडळाने वेगळे कलम करावे, हेही सुचवले.

पंजाब पेटला. निषेधाच्या सभा झाल्या, न्यायमूर्तींच्या राजीनाम्याची मागणी झाली. काही महिन्यांत दुसऱ्या एका खटल्यात त्याच हायकोर्टाच्या खंडपीठाने उलटा अर्थ लावला, तरी सरकारने वाट पाहिली नाही. सिमल्याच्या अधिवेशनात मध्यवर्ती विधिमंडळापुढे विधेयक आले आणि सप्टेंबर १९२७ मध्ये कलम २९५-अ जन्माला आले. त्याच्या शब्दांवर बराच खल झाला. विधेयक तपासणाऱ्या समितीत महंमद अली जिना होते. धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणारे आणि इतिहास लिहिणारे लोक यात सापडू नयेत, असा इशारा त्यांनी दिला. म्हणून कलमात नुसता अपमान पुरेसा ठरला नाही. तो कुठल्या तरी वर्गाच्या धर्माचा किंवा श्रद्धेचा असावा, आणि त्यामागे बुद्धिपुरस्सर व दुष्ट हेतू असावा, अशा दोन्ही अटी घातल्या गेल्या. सारा जोर या हेतूवर होता.

कायदा आला म्हणून राजपाल वाचले नाहीत. ६ एप्रिल १९२९ रोजी इल्मुद्दीन या सुताराच्या तरुण पोराने भर दिवसा दुकानात शिरून त्यांना भोसकले. अपिलात त्याचे वकीलपत्र घेतले ते मुंबईचे बॅरिस्टर जिना यांनी. अपील फेटाळले गेले आणि ३१ ऑक्टोबर १९२९ रोजी मियांवालीच्या तुरुंगात इल्मुद्दीन फासावर गेला. फाळणीनंतर हेच कलम पाकिस्तानच्या वाट्याला आले. तिथे त्याला शेपटे फुटत गेली, आणि १९८६ च्या २९५-क ने शिक्षा थेट देहदंडापर्यंत नेली.

कलम मंजूर झाल्याला तीनच महिने झाले असताना, २५ डिसेंबर १९२७ रोजी, महाडच्या सत्याग्रह परिषदेत मनुस्मृती जाळण्यात आली. विधिमंडळाने कायदा करताना डोळ्यांपुढे ठेवले होते ते दोन धर्म, दोन जमाती, मध्ये निःपक्ष सरकार असे चित्र. महाडात एकाच धर्माच्या पोटातले दोन समाज समोरासमोर होते. एकाला जे पूज्य तेच दुसऱ्याच्या मानेवरचे जू होते, आणि 'वर्ग' म्हणजे कोण, त्याच्या वतीने भावना कुणाची मोजायची, याचे उत्तर कलमात नव्हते. आजही नाही.

स्वातंत्र्यानंतर ही कलमे जातील असे कुणाला वाटले असेल तर तसे झाले नाही. राज्यघटनेच्या कलम १९ ने भाषणस्वातंत्र्य दिले. त्यावरच्या मर्यादांच्या पहिल्या यादीत 'सार्वजनिक सुव्यवस्था' हे शब्द नव्हते. २६ मे १९५० रोजी सुप्रीम कोर्टाने एकाच दिवशी दोन निकाल दिले : एक मुंबईहून निघणाऱ्या 'क्रॉस रोड्स' या डाव्या साप्ताहिकाच्या बाजूने, दुसरा संघ विचारांच्या 'ऑर्गनायझर'च्या बाजूने. दोन्ही टोकांची पत्रे सरकारच्या बंधनांतून सुटली. नेहरू सरकारने १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने सार्वजनिक सुव्यवस्था हे कारण यादीत घातले. सोबत 'वाजवी' हा शब्दही आला, आणि बंधन वाजवी आहे का हे पाहण्याची वाट कोर्टांना मोकळी झाली. १९५७ मध्ये 'गौरक्षक' या मासिकाचे संपादक रामजी लाल मोदी यांनी २९५-अ लाच आव्हान दिले. पाच न्यायमूर्तींनी कलम वैध ठरवले. अनवधानाने किंवा वाईट हेतूविना झालेला अपमान यात येत नाही, तीव्र आणि जाणूनबुजून केलेला अपमानच येतो, आणि तसा अपमान सुव्यवस्थेला बाधक असतोच, असा त्यांचा युक्तिवाद होता. शेवटचे गृहीतक सैल आहे. दंगा होणे न होणे लिहिणाऱ्याच्या हेतूइतकेच दंगा करणाऱ्याच्या मर्जीवर असते.

लेखकाला तुरुंगात घालण्यापेक्षा पुस्तक सरकारजमा करणे सोपे. हे हत्यार १९१० च्या प्रेस अ‍ॅक्टात होते. तो कायदा १९२२ मध्ये रद्द झाला तेव्हा ते फौजदारी प्रक्रिया संहितेत ९९-अ म्हणून शिरले आणि १९७३ च्या संहितेत कलम ९५ झाले. राज्य सरकारने राजपत्रात अधिसूचना काढायची, की देशात कुठेही सापडलेली प्रत पोलिसांनी उचलावी. मात्र सरकारने आपल्या मताची कारणे अधिसूचनेतच लिहिली पाहिजेत, आणि हितसंबंधी माणसाला दोन महिन्यांत हायकोर्टात जाता येते, जिथे तीन न्यायमूर्तींचे विशेष पीठ बसते. कारणे लिहिण्याची अट वरवर कारकुनी दिसते, पण बहुतेक बंद्या तिच्यावरच फुटल्या. पेरियार यांच्या रामायणावरील पुस्तकाचा 'सच्ची रामायण' हा हिंदी अनुवाद उत्तर प्रदेश सरकारने १९६९ साली जप्त केला. प्रकाशक ललई सिंग यादव यांनी झगडून हुकूम रद्द करवला, आणि सप्टेंबर १९७६ मध्ये, म्हणजे ऐन आणीबाणीत, सुप्रीम कोर्टाने तो निकाल कायम केला. गोपाळ गोडसे यांच्या 'गांधीहत्या आणि मी' या पुस्तकाची जप्तीही १९६९ मध्ये मुंबई हायकोर्टाने उठवली. कोर्टांनी प्रत्येक वेळी लेखकाचीच बाजू घेतली असेही नाही. इस्लामवरच्या एका इंग्रजी पुस्तकावर महाराष्ट्र सरकारने २००७ साली घातलेली बंदी मुंबई हायकोर्टाने २०१० मध्ये उचलून धरली. कुठल्याही धर्मावर टीका करता येते, या पुस्तकात मात्र एका समाजाविषयी विद्वेष आहे, असे न्यायमूर्तींनी म्हटले.

महाराष्ट्रात १९८० नंतर या कायद्याचा कल धर्माकडून अस्मितेकडे झुकत गेला. १९८७ मध्ये राज्य सरकारनेच डॉ. आंबेडकरांच्या समग्र लेखनाचा चौथा खंड, 'रिडल्स इन हिंदुइझम', प्रसिद्ध केला. राम आणि कृष्ण यांच्यावरच्या परिशिष्टावरून वादळ उठले, विरोधाचे आणि समर्थनाचे प्रचंड मोर्चे मुंबईत निघाले. सरकारने आधी परिशिष्ट गाळले आणि दलित जनता रस्त्यावर उतरल्यावर ते परत घातले, 'या मतांशी शासन सहमत आहेच असे नाही' अशा आशयाची तळटीप जोडून. प्रकाशकाने आपल्याच ग्रंथापासून अंग काढून घेण्याचा हा नमुना होता. दंगा मात्र टळला.

त्याहून बोलका नमुना जेम्स लेन यांच्या शिवचरित्रविषयक पुस्तकाचा. ते २००३ मध्ये निघाले. त्यात शिवाजी महाराजांच्या जन्माविषयीच्या कुत्सित वदंतीचा एक उल्लेख होता, त्याला पुरावा नव्हता. इतिहासाच्या जाणकारांनी आक्षेप घेतला आणि नोव्हेंबरमध्ये प्रकाशकाने पुस्तक मागे घेतले. वाद इथे मिटायला हरकत नव्हती. डिसेंबरात पुण्यात एका संस्कृत पंडिताच्या तोंडाला काळे फासले गेले, कारण ऋणनिर्देशात त्यांचे नाव होते. ५ जानेवारी २००४ रोजी संभाजी ब्रिगेडच्या जमावाने भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात शिरून कपाटे फोडली, पोथ्या आणि ग्रंथ जमिनीवर लोळवले. चार दिवसांनी डेक्कन पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला तो लेखक, प्रकाशक आणि मुद्रकावर. पाठोपाठ सरकारने बंदी जाहीर केली. बाजारात नसलेल्या पुस्तकावर.

गुन्हा १५३-अ चा होता. एप्रिल २००७ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला : दोन समाजांत वैर पेटवण्याचा हेतू हा गुन्ह्याचा गाभा, आणि तो इथे दिसत नाही. त्याच महिन्यात मुंबई हायकोर्टाने बंदीही उठवली. कोणत्या दोन समाजांत वैर निर्माण होणार, हे सरकारच्या अधिसूचनेत सांगितलेलेच नव्हते. सरकारची अडचण समजण्याजोगी आहे. महाराज सगळ्यांचे; मग भांडणाची दुसरी बाजू कुठून आणायची? ९ जुलै २०१० रोजी सुप्रीम कोर्टाने हायकोर्टाचा निकाल कायम केला. लेखनातली चूक दाखवण्याचे काम इतिहासकारांनी पहिल्या काही आठवड्यांतच संपवले होते. कोर्टातली लढाई साडेसहा वर्षे चालली.

पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांच्या वाट्यालाही हेच मिश्रण आले. त्यांच्या एका नग्न स्त्रीचित्राला 'भारतमाता' हे नाव मिळाले आणि देवी, देश व स्त्रीदेह यांच्यावरच्या तक्रारी एकत्र झाल्या. निरनिराळ्या राज्यांतल्या कोर्टांतून समन्स निघाली. मे २००८ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ती कारवाई रद्द केली, तोवर हुसेन परदेशी गेले होते. २०१० मध्ये त्यांनी कतारचे नागरिकत्व घेतले आणि पुढच्या वर्षी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. पुष्कळदा कायद्याची गरजही पडत नाही. आनंद यादव यांच्या 'संतसूर्य तुकाराम' या कादंबरीवर वारकरी मंडळी संतापली तेव्हा यादवांनी माफी मागितली, कादंबरी मागे घेतली गेली, आणि महाबळेश्वरच्या २००९ च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना सोडावे लागले. संमेलन अध्यक्षाविनाच पार पडले.

या सगळ्या खटल्यांत कोर्टांनी लावलेली कसोटी १९२७ सालचीच आहे, आणि ती बहुधा नेटकी लागली आहे. बिघाड अलीकडच्या टोकाला आहे. २९५-अ आणि १५३-अ हे दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हे. तक्रार देशातल्या कुठल्याही ठाण्यात करता येते. खटला चालवायला सरकारची पूर्वपरवानगी लागते, पण गुन्हा नोंदवायला आणि अटक करायला लागत नाही. हेतूची तपासणी शेवटी होते, क्षोभाची दखल आधी घेतली जाते. मेकॉलेंना ज्या क्षोभाची धास्ती होती तोच आता कायद्याची किल्ली फिरवतो.

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. राजद्रोहाचे कलम त्या नावाने उरले नाही. १५३-अ चे १९६ झाले, २९८ चे ३०२, आणि जप्तीचे ९५ नागरिक सुरक्षा संहितेत ९८ झाले. २९५-अ आता २९९ आहे. त्यात इलेक्ट्रॉनिक साधनांची भर पडली आहे. बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतूची अट लाहोरच्या खटल्यानंतर लिहिली गेली तशीच कायम आहे, आणि शिक्षा १९६१ मध्ये वाढवली होती तेवढीच, तीन वर्षांपर्यंत.